डोळ्याजवळचं बारकं चाक

मी चौथीपर्यंत शिकले आणि नंतर तीस वर्षं लूमसाठी धाग्याच्या कांड्या भरल्या. धागा तुटला की आधी मशीनला शिव्या द्यायच्या, हे तिथंच शिकले.

सुनेने हौसेसाठी जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला, तेव्हा मला तो फालतूपणा वाटला. आठवडाभर ती मानकोलीच्या गोडाऊनमध्ये ड्युटी करते आणि रविवारी काल्हेरच्या खाडीवर बगळ्यांचे फोटो काढते. बगळे काय पळून चाललेत?

त्या सुमारास मला उजव्या डोळ्याने धूसर दिसायचं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा. मी म्हटलं, चष्मा खराब आहे. दोन वर्षांत तीन चष्मे बदलले. खरं कारण भीती. शेजारणीचा डोळा ऑपरेशननंतर गेलेला मी पाहिला होता.

एका रविवारी सुनेबरोबर मीही खाडीवर गेले. चष्मा काढून कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला.

"काय दिसतंय, आई?"

"धुकं. मशीन बिघडली हाय तुझी."

"तुमच्यापुढे सगळंच बिघडतं. आधी चष्मा, मग टीव्ही, आता हा."

तिने माझं बोट डोळ्याजवळच्या बारक्या चाकावर ठेवलं. आपापल्या नंबराप्रमाणे ते फिरवलं की चष्म्याशिवाय दिसतं, म्हणाली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. धुकं तसंच. रागाने बटण दाबलं.

मागच्या पडद्यावर फोटो आला. चष्मा लावून पाहिला. बगळा स्वच्छ आला होता, चोचीतल्या मासळीसकट.

"चाक एवढं फिरवलं, तरी फोटो बिघडला न्हाय?"

"फोटोला त्याचं काही नाही. फोकस कॅमेरा स्वतः करतो. चाक फक्त बघणाऱ्यासाठी."

मग पुन्हा चष्मा काढून डावा डोळा लावला आणि चाक हळूहळू फिरवलं. बगळ्याचं पीस न् पीस दिसलं. काच तीच, पक्षी तोच. शिव्या द्यायला मशीन उरली नाही.

"तारीख घे," मी म्हटलं.

"कसली?"

"डोळ्याची. आणि शेजारणीच्या डॉक्टरकडं न्हाय जायचं."

ऑपरेशन झालं. दीड महिन्याने पुन्हा खाडीवर जाऊन उजवा डोळा लावला. बगळा दिसला. त्याचं पोट चिखलाने बरबटलेलं होतं. सून हल्ली कुरकुरते, मी चाक फिरवून ठेवते आणि तिला ते परत तिच्या नंबरावर आणावं लागतं. आणू दे.