कापायची चार मिनिटं

"डाव्या कुशीवर, सर," मी म्हणाले. हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णाला कोणत्या कुशीवर वळवून तपासायचं, असा प्रश्न होता.

"बरोबर," विभागप्रमुख म्हणाले. "आश्चर्य आहे. कोणत्या यादीतून आलीस गं तू? ओपन, की तुमची ती खालची?"

तोंडी परीक्षेचा ऑनलाइन सराव होता. पडद्यावरच्या चौकोनांत बुलडाणा जिल्हाभरचे शिकाऊ डॉक्टर. सर आणखी चार मिनिटं बोलले. परीक्षक बाहेरचे असतात. आडनावावरून त्यांना कळतं. तुमच्याकडून फार अपेक्षा नसते, त्याचा फायदा घ्यायला शीक. सगळं माझ्या भल्यासाठी. चौकोन हसले.

मी सोनाळ्याची. आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली डॉक्टर.

विभागाचा 'ई-अध्यापन कक्ष' तेव्हा उद्घाटनाला आला होता. म्हणजे सलाइनच्या खोक्यांची खोली रिकामी करून एक कॅमेरा, एक गोल दिवा आणि एक फलक लावला होता. फलकावर हृदयाची आकृती होती, तिच्या चौपट सरांचा फोटो. कक्षात काम करणारी मी एकटी. सरावाचं चित्रण मीच करायचे, कापाकापी मीच, चॅनेलवर टाकायचेही मीच. संग्रामपूरकडं ड्युटीवर असलेली पोरं ते बघून पास होत होती. त्यामुळं काम आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. "उद्घाटनाच्या पाहुण्यांना कालच्या सरावाचाच भाग दाखवू. मधली चार मिनिटं तेवढी काढून टाक. तुला येतं ते."

माझ्यासोबत शिकणारा गजानन म्हणाला, "काप न बाई. लॉगबुकवर सही त्यायचीच लागते. सही नाही त परीक्षेचा फॉर्म नाही."

मी संगणक लावला, पण कापायला घेतलं नाही.

"आन् तू बी त हासली होती न. मंग आता काऊन मनाला लावून राह्यली?"

मी फाईल उघडली. खरं होतं. सर "खालची" म्हणाले आणि सगळ्यांत आधी हसलेला चेहरा माझा. बाकीचे माझ्यानंतर. जणू मी त्यांना परवानगी दिली होती. मागं नेऊन पुन्हा पाहिलं. हॉस्टेलात, वॉर्डात, मी दर वेळी अशीच आधी हसले असणार. तिथं कॅमेरा नव्हता, एवढंच.

सरांच्या खोलीत गेले. "सर, मी कापणार नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "लॉगबुक घेऊन जा. वेळ मिळाला की बघू."

सगळा भाग, न कापता, मी चॅनेलवर टाकला. शीर्षक दिलं: 'तोंडी परीक्षेत न विचारायचा प्रश्न'. दुपारपर्यंत तो काढला गेला, चॅनेलही माझ्याकडून काढून घेतलं. प्रत माझ्याकडं आहे. तिच्यासह वरच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली, पोच घेतली. कक्षाचं उद्घाटन ठरल्याप्रमाणं झालं. फीत कापताना सर छान दिसत होते.

फॉर्मची मुदत शनिवारी संपते. सही नाही. वर्ष जाईल, हे मला कळतं.

दर रविवारी मी माझ्या मोबाइलवरून पोरापोरींचा सराव घेते. आधी झडपा, हृदयातले मर्मरचे आवाज, औषधं. शेवटी, आधी सांगून, सरांचा तो प्रश्न जसाच्या तसा विचारते. त्यांनी उत्तर द्यायचं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

पहिल्यांदा बहुतेक जण हसतात. मी पुन्हा विचारते. ते हसायचे थांबेपर्यंत विचारत राहणार आहे.