शेवंतीचं रेडकू

मनुबाईच्या गोठ्यात आजवर कोणकोणत्या म्हशी नांदल्या हे जाणून घ्यायचं असेल तर तिच्या अंगाकडे पाहावं. डाव्या पायाच्या करंगळीचं नख चंद्रीच्या खुराखाली गेलं ते परत आलं नाही. पुढचे दोन दात गंगीच्या लाथेने पडले. उजवीकडची एक बरगडी अशा म्हशीने मोडली, जी नाव ठेवण्याआधीच विकावी लागली. मनुबाई हे सगळं तक्रार म्हणून सांगत नाही. पाहुण्याला भिंतीवरचे फोटो दाखवावेत तसं दाखवते. शिवाय मामला एकतर्फीही नव्हता. दात पडले त्याच क्षणी उरलेल्या दातांनी तिने गंगीचा कान असा धरला होता की गंगी पुढे मरेपर्यंत तिच्याशी अदबीने वागली.

चौलपासून आत, खाडीच्या बांधाला लागून तिचं गाव. नवरा येसाजी भात लावतो, गवत कापतो आणि म्हशींना भितो. कास बायकांनी धरायची, चारा पुरुषांनी आणायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. तिचा उगम एखाद्या पूर्वजाच्या पोटात बसलेल्या लाथेत असावा, पण सांगताना ती परंपरा म्हणून सांगतात. मुलगा ओंकार न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे आणि गोठ्याविषयीची मतं फोनवरून कळवतो.

शेवंती गंगीची लेक. गोठ्यातल्या सहा म्हशींपैकी बाकीच्या बाजारातून आलेल्या, ही एकटी दावणीवर जन्मलेली. मनुबाईने तिला बोट चोखायला देऊन वाढवली. त्यामुळे मे महिन्यात ती तिसऱ्यांदा व्यायला झाली तेव्हा शेजारच्या बायका खरवसाची भांडी घेऊन सकाळीच येऊन बसल्या. दुपारी बारा वाजता शेवंतीच्या मागून एक पाय बाहेर आला. दोन वाजेपर्यंत तो एकच राहिला. बायका भांडी घेऊन एकेक करून उठल्या.

जनावरांची डॉक्टर निवेदिता स्कूटीवरून आली. वय सत्तावीस, आणि वाट्याला चाळीस गावं. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "रेडकू आडवं आलंय. मान मागे वळलीय. आणि मनुबाई, ते जिवंत नाही."

"मग भाईर काढा."

"अख्खं निघणार नाही."

पुढचे दोन तास काय झालं ते गावात कुणी जेवताना सांगत नाही. बाहेर आलेल्या पायाला दोर लावून येसाजीने ओढलं, तेव्हा शेवंतीने त्याला मागच्या पायाने पेंढ्याच्या राशीत पोचवलं. निवेदिताचा हात दुखून बधिर झाला तसा मनुबाईने आपला घातला. आत कळ आली की म्हशीचं हाड तिचं मनगट दाराच्या फटीत सापडल्यासारखं चेचत होतं. बोटांनी चाचपत तिने तारेची करवत रेडकाच्या मानेभोवती सरकवली. बाहेरून निवेदिताने ती दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली. आधी डोकं आलं, मग बाकीचं. शेवंती हंबरत होती, आणि मनुबाई तिला असल्या शिव्या देत होती की डॉक्टरीणबाईंना त्यातल्या निम्म्या नव्याच होत्या. शेवटी रक्त, पाणी आणि रेडकू सगळं मिळून मनुबाईच्या अंगावर आलं. लुगडं कमरेपासून खाली रंग बदलून बसलं. ते तिने सोडून कुंपणावर भिरकावलं. नळाला पाणी तीन दिवसांनी येतं, आणि आलेलं पाणी म्हशींचं. लुगड्याचा नंबर नंतर.

शेवंती जगली. पण संध्याकाळी मनुबाईने कासेला हात लावताच तिने बादली दोन पुरुष उंच उडवली. कास दगडासारखी ताठलेली, आणि सडातून थेंब नाही. रेडकू समोर नसेल तर पान्हा सोडायचा नाही, या मतावर ती ठाम होती.

"कास रिकामी झाली नाही तर सुजेल, पिकेल," निवेदिता निघताना म्हणाली. "मग ही कायमची भाकड. तीन-चार दिवस आहेत तुमच्याकडे."

अशा बातम्या दयारामला कुठून कळतात हे कुणालाच ठाऊक नाही. जनावरांचा हा व्यापारी दुसऱ्या दिवशी मोटारसायकल उभी करून थेट शेवंतीच्या पाठीचं मांस चाचपायला लागला. दूध पाहणारा माणूस कास चाचपतो. पाठ चाचपणाऱ्याचा विचार वेगळा असतो.

"वैनी, सुई देऊ? एका टोचणीत दूध येल."

"त्या सुईवर बंदी हाय."

"म्हणून तर माझ्याकडं मिलते. बरं, ऱ्हायलं. शुक्रवारी टेम्पो आणतो."

कुठे नेणार हे त्याने सांगितलं नाही, आणि मनुबाईला विचारायची गरज नव्हती. ओंकारचाही फोन आला. "आये, देऊन टाक तिला. मारकी म्हस ठेवून काय करतंस? उद्या तुझा जीव घेल."

"शुक्रवारपावत दूध दिलं तर ऱ्हायल," मनुबाई म्हणाली. "न्हाय दिलं तर मीच तिला टेम्पोत चढवीन. झालं?"

मनुबाईच्या माहेरी यावर एक उपाय होता. मेलेल्या रेडकाचं कातडं काढायचं, त्यात पेंढा भरायचा आणि म्हशीपुढे उभं करायचं. म्हैस चाटते, फसते, पान्हा सोडते. ती कामगिरी येसाजीवर पडली. येसाजीने उभ्या जन्मात कातडं टिकवलं नव्हतं, पण पावसाळ्याच्या बेगमीला मासे मात्र दरवर्षी टिकवले होते. उन्हाळ्यात कुजणारी वस्तू हाताशी आल्यावर खाडीकाठच्या माणसाने करायचं ते त्याने केलं. कातडं खाडीच्या पाण्यात तीनदा खळखळून धुतलं, मीठ आणि हळद चोळली, आणि बोंबील वाळत होते त्याच काठीवर, त्यांच्या शेजारी, दोन दिवस टांगलं.

गुरुवारी दुपारी त्याने पेंढा भरलेलं रेडकू गोठ्यात आणलं. दिसायला फक्कड होतं. डोकं सुतळीने शिवलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर जरा आश्चर्य होतं इतकंच. ते चालतंय असं वाटावं म्हणून येसाजी मागे उकिडवा बसून ते पुढे सरकवत होता. म्हशीच्या शिंगांच्या एवढ्या जवळ तो आयुष्यात पहिल्यांदा गेला होता.

शेवंतीने मान पुढे केली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिच्या नाकातून असा फूत्कार आला की गव्हाणीवरचा कावळा उडाला. पहिल्या धडकेत रेडकाचं डोकं सुतळीसकट छपरावर गेलं. दुसरी धडक पेंढ्यातून आरपार येसाजीच्या मांडीत शिरली. शिंग विळ्यासारखं वळलेलं, म्हणून बाहेर निघताना त्याने आत जाताना केलं त्याच्या दुप्पट नुकसान केलं. मनुबाईने फावड्याचा दांडा शेवंतीच्या नाकावर हाणला, पुन्हा हाणला, आणि तिसऱ्यांदा दांडा मोडला तेव्हा कुठे येसाजीला पायाला धरून ओढता आलं.

निवेदिता कास तपासायला आलीच होती. तिने त्याची मांडी आवळून बांधली आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत तिने जमिनीवरचा कातड्याचा तुकडा उचलून नाकाशी नेला.

"काका, हे कशात ठेवलं होतं?"

"मिठात," येसाजी कण्हत म्हणाला. "सडू नये म्हणून. एक किडा न्हाय पडला, बघा तुम्ही."

"किडा नाही पडला, पण हे रेडकू राहिलं नाही हो. बोंबील झाला याचा. म्हशीला डोळ्यांशी काय करायचंय? ती वासाने ओळखते."

येसाजीला अकरा टाके पडले. घरी परतल्यावर त्यांपेक्षा त्याला बोंबील हा शब्द जास्त लागला होता.

मनुबाई मात्र वासाचं ते ऐकल्यापासून कुंपणाकडेच बघत होती. शुक्रवारी सकाळी ती तिकडे गेली. लुगडं चार दिवसांच्या उन्हात पत्र्यासारखं कडक झालं होतं आणि त्यावर माश्यांची वसाहत होती. तिने ते थोडं ओलं केलं तसा असा वास उठला की येसाजीने खाटेवरून विचारलं, "काय मेलं गो?"

"मेलं ते कवाच मेलं," असं काहीतरी पुटपुटत तिने ते नेसलं, पदर डोक्यावरून गळ्याभोवती घेतला आणि बादली घेऊन गोठ्यात शिरली.

शेवंतीने डोकं खाली घातलं. मनुबाई हलली नाही. हातात दांडा नव्हता, मोडला होता. म्हशीचं नाक पदराला लागलं, पोटाला लागलं, आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, व्यायल्यावर म्हैस पहिल्यांदा काढते तो. मग जीभ आली. ती जीभ म्हणजे कानस. गालावरून एक फेरी झाली तशी साल निघाली, दुसरीला मान, तिसरीला कान. मनुबाईने दात, होते तेवढे, आवळले आणि चाटून घेत घेत कासेखाली सरकली. सड धरले. आधी रक्ताची रेघ, मग पिवळा घट्ट चीक, आणि मग धार बादलीत वाजली.

दयाराम नेमका तेव्हाच दोर घेऊन आला. "उठा वैनी, टेम्पो उभा हाय."

"दयारामभाव, मागं ऱ्हावा."

"आता कशाला लाड करताय तिचे," म्हणत त्याने मनुबाईला उठवायला खांद्याला धरलं.

आपल्या रेडकाला परक्या माणसाने हात लावलेला शेवंतीने पाहिला. खुंटा जमिनीतून दातासारखा उपटला. दयाराम आधी भिंतीवर आणि मग शेणाच्या खड्ड्यात गेला. तो उठायला लागला तेव्हा तिने त्याला परत बसवलं. दोन बरगड्या आणि गळ्याजवळचं एक हाड. टेम्पो शेवटी वापरात आला, पण दवाखान्यात जायला, आणि मागे झोपून गेला तो दयाराम.

शेवंती परत येऊन मनुबाईवर उभी राहिली. धार पुन्हा चालू झाली. येसाजी लंगडत दारापर्यंत आला आणि गवत ओढायच्या लांब काठीने चहाचा पेला जमिनीवरून पुढे ढकलू लागला. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. तो काठीसकट दोन पावलं मागे गेला.

"अगो, झालं ना दूध? सोड की आता तिला."

मनुबाईच्या गालावरून रक्त हनुवटीला आलं होतं. शेवंतीने तेही चाटून घेतलं आणि आपली जडशीळ मान तिच्या खांद्यावर टाकली.

"मी कुठं धरलंय तिला," मनुबाई म्हणाली. "चा तिथंच ठेवा. आणि ह्या लुगड्याला कुणी पानी लावलंत, तर हात मोडीन."