सांभाळायला दिलेली आई

प्रभूच्या मागे जाणाऱ्या माणसानं आईला किती धरून राहावं, या प्रश्नानं मला आतून पोखरलं होतं. आमचं जुनं चर्च शिकवायचं की आईबापाचा मान राखणं हीच देवाची आज्ञा. पुढे मी ज्या संगतीत गेलो, तिथले पाळक सांगत की स्वतःची आई दाराशी उभी असताना प्रभूनंच विचारलं होतं, माझी आई कोण? देवाची इच्छा पाळतात तेच आपले. माझी आई वळसंगला तिच्या हिंदू भावाकडे सणाला जेवायची, म्हणून मी तिच्याकडे जाणं जवळपास सोडलं. त्यालाच मी निष्ठा समजत होतो.

आई आजारी पडली तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात बहीण तिच्याजवळ होती. तिचा फोन आला. "दादा, पोरीला ताप हाय, मला दुपारी टेंभुर्णीला जावं लागंल. तू येऊन बस की." मी म्हणालो, बघतो. त्याच दुपारी आमची दोन दिवसांची उपवास-प्रार्थना सुरू होणार होती आणि गाणी मला घ्यायची होती. पाळकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ब्रदर, नांगराला हात लावलाय, आता मागं बघू नका." आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांचे फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवतात. मीही ठेवला. हेच समर्पण, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीपाळीनं बायबलचं वाचन चाललं होतं. संगतीतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरची पाळी आली. त्यांच्या हातून भलतंच पान उघडलं आणि त्या प्रभूच्या मरणाचा भाग वाचू लागल्या. वधस्तंभावरून तो आपली आई शिष्याच्या हवाली करतो, तो भाग. "बाई, आपला अध्याय हा नाही," पाळक म्हणाले. सिस्टरना ऐकू कमी येतं, त्या वाचत राहिल्या. मी उठलो, टोपलीतून फोन काढला. बहिणीचे कितीतरी कॉल येऊन गेले होते.

दवाखान्यात पोचलो, तर वॉर्डात एक अनोळखी मुसलमान माणूस आईला पेज भरवत होता.

"तुमीच का लेक?" त्यानं विचारलं. "माजी अम्मी काल शेजारच्या खाटंवर वारली. मातीचं उरकून सामान न्यायला आलो, तर ह्या 'लेकरा' म्हणून हाका मारत होत्या. मी म्हटलं, व्हय अम्मा, हितंच हाय. लई हट्टी हायत. मीठ कमी पडलं की थुंकतात." त्यानं वाटी माझ्या हातात दिली आणि आपली पिशवी उचलून तो निघाला. मला त्याचं नावही विचारता आलं नाही.

मी चमचा पुढे केला. आईनं तोंड फिरवलं. "ह्याला भरवता येत न्हाय. माझ्या लेकाला बोलवा."

तापात तिला माणसं ओळखू येत नव्हती. त्यानंतर ती थोडेच दिवस जगली आणि मला तिनं शेवटपर्यंत ओळखलं नाही. मीही सांगत बसलो नाही. "तुमचा लेक येतोय, तोवर माझ्या हातनं घ्या," एवढंच म्हणायचो. मग ती दोन घास घ्यायची.

दोन्ही शिकवणींचा मेळ मला अजून लागलेला नाही. पण मी दूर असताना देवानं तिला लेकाविना ठेवलं नाही, याबद्दल मी त्याचे आभार मानतो. समर्पण त्या टोपलीपाशी मला कळलंच नव्हतं. ज्या आईला मी परका झालो होतो, तिला परका म्हणूनच भरवताना ते थोडं कळलं.