कौशल्याबाईंची खंजिरी

आई रुक्मिणी, कौंडण्यपूरच्या लेकी, वर्धेच्या काठी तुझे माहेर. जिथे तुझी पावले खेळली, तिथे आजही टाळी वाजते, कंठ फुलतो, आणि तुझे नाव घेता घेता माणसाचे वय माणसाला विसरून जाते. तुझ्या चरणी माथा ठेवून, माय, तुझ्याच एका लेकीची गोष्ट सांगतो. शब्द उणा पडला तर तू सावरून घे.

श्रोतेहो, त्या लेकीचे नाव कौशल्याबाई. तिवशाजवळच्या एका खेड्यात घर, पोटापुरती काळी जमीन, केस कापसासारखे पांढरे, आणि हातात खंजिरी. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, कड्यात रुणझुणणाऱ्या पितळी चकत्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी ती हाती घेतली. नातवंडे झाली, पंचाहत्तरी उलटली, तरी खाली ठेवली नाही.

कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत भजनी मंडळांची स्पर्धा असते. कौशल्याबाई पुढे बसून कडवे म्हणणार, मागच्या बायका ध्रुपद उचलणार. पेटीवर सून सीमा. मागच्यांत पहिला आवाज दुर्गाबाईंचा. त्या बालपणीच्या मैत्रीण, याच गावात दिलेल्या, आणि जन्माच्या भांडखोर. मंडळाची एकच शिस्त: पुढची बाई हात वर करत नाही, तोवर ध्रुपद सोडायचे नाही.

यंदा सरावात कौशल्याबाईंचे कडवे मधेच हरवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवले. मुलगा अमोल हळूच म्हणाला, "आई, यंदा सीमाले गाऊ दे. तू बस तिच्या बाजूले."

"बाजूले बसाले मी काय पाहुणी हाय का?"

"अमोल," दुर्गाबाई म्हणाल्या, "तुह्या मायचं तोंड बंद करणं तुह्या बापाले जमलं नाई. तू कावून कष्ट घेतं?"

सगळे हसले. कौशल्याबाई हसल्या नाहीत. खंजिरी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "रुक्मिणीच्या दारी माह्या हातून भजन तुटलं, तर खंजिरी तिच्या पायावर ठेवीन. पुन्हा धरणार नाई."

देवीच्या नावाने दिलेला शब्द. तो आता मोडायचा नव्हता.

यात्रेचा दिवस उजाडला. नदीवरच्या गारव्याने कातडे सैल पडले होते. कौशल्याबाई मंडपाबाहेर खंजिरी उन्हाला धरून बसल्या. मधेच बोटाने टिचकी मारत, कान लावत.

"भाकर शेकून राहिली का वं?" दुर्गाबाईंनी विचारले.

"हे तापल्याबिगर बोलत नाई. तुह्यासारखं नाई हे."

मग नाव पुकारले गेले. बायका मंचावर चढल्या, पेटीने सूर धरला, खंजिरीवर थाप पडली, आणि मंडप जागा झाला. "माहेराच्या वाटे माय, पाऊल माझे चाले!" पहिले कडवे झाले. दुसरे झाले, आवाजाला थोडी चीर होती, पण त्या चिरेतूनच भाव झिरपत होता. मागून ध्रुपद उठले, परत आले, आणि तिसऱ्या कडव्यासाठी कौशल्याबाईंनी तोंड उघडले.

शब्द नव्हता.

सीमाने पाहिले, सासूबाईंचे ओठ हलत होते, डोळे देवळाच्या शिखराकडे लागले होते. हात मात्र थांबला नव्हता. थाप पडत होती, चकत्या झणकत होत्या. सीमाने पेटी सोडली नाही. दुर्गाबाई पुढे सरकल्या आणि ध्रुपद एक पट्टी वर नेऊन असे उचलले, जणू बेत तसाच होता. माहेराच्या वाटे माय! मागच्या बायका वर चढल्या. माहेराच्या वाटे माय! मंडपातल्या बायकांनी टाळी धरली, बांगड्यांच्या दुकानापुढची गिऱ्हाइके वळली, फुगेवाला गाऊ लागला, आणि लय वाढत वाढत अशी भरली की वर्धेला पूर यावा! वेळ संपल्याची घंटा वाजली. ती वाजवणाऱ्यानेच घंटा खाली ठेवून टाळी धरली.

आणि कौशल्याबाईंचा हात वर गेला.

सारे थांबले. त्या शांततेत तो चिरलेला कंठ उठला, थेट शेवटच्या कडव्यावर:

"थकले हे पाय तरी थकेना ही ओढ,
सुकलेल्या ओठी तुझे नाव लागे गोड."

वेळ उलटल्यामुळे बक्षीस गेले. त्याचे कुणी विचारलेही नाही. पण कौशल्याबाई खंजिरी पदराखाली धरून देवळाच्या पायऱ्या चढल्या, गाभाऱ्यापुढे वाकल्या. दुर्गाबाईंनी मनगट धरले.

"कावून ठेवून राहिली?"

"शब्द देल्ला होता. तिसरं कडवं गेलं माह्यं."

"कडवं गेलं. भजन कुठी तुटलं? आमी थांबलो का? सारी यात्रा गाऊन राहिली होती."

"आई," सीमा हलकेच म्हणाली, "मी तुमच्या हाताकडंच पाहून राहिली होती. तो थांबला असता, तं मी बी थांबली असती. थांबला नाई तो."

कौशल्याबाईंनी देवीकडे पाहिले. मग त्यांनी खंजिरी देवीच्या चरणांना टेकवली, आणि तीच कपाळाला लावून परत उचलली.

पायऱ्यांखाली अमोल धापा टाकत आला. "आई, अकोल्याचे लोक भेटले. त्यांच्या मंडळात भजनाले बोलावून राहिले. काय सांगू?"

"सीमाले विचार. ती पेटीवर असंन, तं मी हाय."

"मले कोणी विचारत नाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

"तुले काय विचारायचं? तू तं आमच्याआधी गाडीत बसशील."

आई रुक्मिणी, या हाताला थाप दे, या कंठाला तुझे नाव दे. शब्द हरवेल तिथे मागून ध्रुपद उचलणारी माणसे दे. सीमाची पेटी सुरात राहो, अमोलच्या शेतात कापूस फुटो, दुर्गाबाईंची जीभ अशीच धारदार राहो, आणि त्या घराच्या उंबऱ्यावर तुझी पावले नित्य उमटोत.