शुक्रवारचा बिनअंड्याचा डबा

आमच्या घरात रविवारी मिस्साच्या प्रार्थनेहून परत आलं की आधी पोपटांचा स्वयंपाक चढायचा, मग माणसांचा. आज हे सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना गंमत वाटते. मला तेव्हाही गंमत वाटली नव्हती.

वडील गावातल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. आमच्याकडची माणसं निवृत्त झाली की वाडीत रमतात, केळीच्या बुडाशी माती ओढतात, पानवेलीला हात लावतात. वडिलांना चिखलाचा तिटकारा होता. वाडी त्यांनी भावाच्या गळ्यात टाकली आणि स्वतः तीन पोपट पाळले. एक म्हातारा, एक मानेवरची पिसं उपटून टक्कल केलेला आणि एक एका डोळ्याने अधू. धडधाकट पोपट त्यांना कुणी विकलाच नसावा. त्यांना नमो मरिया ही प्रार्थना म्हणायला शिकवण्यात वडिलांनी दोन वर्षं घालवली. तिघांपैकी एकाही पोपटाने त्यांचा मान ठेवला नाही. टकल्याला प्रेशर कुकरची शिट्टी तेवढी उत्तम जमायची.

बांद्र्याच्या कुठल्याशा म्हाताऱ्या पारशी बाईने त्यांना सांगितलं होतं की मिरची आणि भिजवलेले हरभरे घालून पोपट नुसते जगतात, तब्येत धरत नाहीत. त्यांना आठवड्याचं शिजवून ठेवावं. झालं. वडिलांना नवीन अभ्यासक्रम मिळाला. मसूर, मूग, हातसडीचा तांदूळ, मक्याचे दाणे, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला आणि कवचासकट कुटलेली सहा उकडलेली अंडी. मीठ नाही, तेल नाही, साखर नाही. हे सगळं शिजवायचं, परातीत पसरून गार करायचं, काट्याने मोकळं करायचं आणि सात डब्यांत भरायचं. डब्यांवर चिकटपट्टीचे तुकडे आणि त्यांवर वडिलांच्या फळ्यावरच्या अक्षरात वारांची नावं. शिजवायचं, पसरायचं, भरायचं म्हणजे आईने आणि मी. वडील खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून यादी वाचायचे. एकदा मी गाजर जाड चिरलं तर त्यांनी मला डबा रिकामा करायला लावला होता. मी तेव्हा वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सहा दिवस मालकाची इंग्रजी पत्रं बडवायची आणि सातव्या दिवशी पोपटांसाठी गाजर किसायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं.

आईला साखरेचा आजार होता. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. रोज सकाळी काचेची सिरिंज आणि सुई उकळायची, बाटलीतून औषध ओढायचं आणि तिच्या दंडात टोचायचं. ते काम माझ्याकडे आलं. वडील सुई दिसली की तोंड फिरवून अंगणात जायचे. वर्गात पानिपतची कत्तल रंगवून सांगणारा हा माणूस, आणि थेंबभर रक्ताला घाबरायचा. आई म्हणायची, "बाय, तुझाच हात हलका. दुसऱ्या कोनाला मी हात लावू देनार नाय." आणि खरंच देत नसे. एकदा मला ताप होता, म्हणून शेजारची नर्स आली, तर आईने तिला चहा पाजून परत पाठवलं आणि मला अंथरुणातून उठवलं.

पहिलं वर्षभर औषधाच्या बाटल्या आम्ही मडक्यात ओल्या वाळूवर ठेवत होतो. मग डॉक्टर म्हणाले, फ्रीज घ्या, हे असं चालायचं नाही. घरात फ्रीज आला तो असा, आईच्या औषधासाठी. महिन्याभरात तो पोपटांचा झाला. मधल्या दोन्ही फळ्यांवर वारांचे डबे, खाली त्यांची गाजरं आणि भोपळा. आईच्या दोन बाटल्यांना दारातल्या छोट्या खणात, लोण्याच्या जागी, भाडेकरूसारखी जागा मिळाली होती. घरी आलेल्या पाहुण्याला वडील फ्रीज उघडून दाखवायचे आणि एकेक डब्याचं झाकण काढून समजावून सांगायचे. पाहुणे "वा, वा" म्हणायचे. गावात पहिल्यांदाच फ्रीजच्या आत डोकवायला मिळालं की माणूस कशालाही वा म्हणतो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या वर्षी उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला आणि वडिलांना साक्षात्कार झाला.

आमच्याकडे उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-कोंबडी नसते. आमचं घर जुन्या वळणाचं, त्यामुळे अंडीही नसत. हे सगळ्या घराला लागू होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या रविवारी वडिलांनी यादी वाचता वाचता जाहीर केलं, "शुक्रवारच्या डब्यात अंडी घालायची नाहीत."

आई परातीवरून मान वर करून म्हणाली, "पोपटांना कसला उपास?"

"ख्रिस्ती घरातले जीव आहेत ते," वडील म्हणाले. "घरातली माणसं त्याग करणार आणि त्यांच्यासमोर पिंजऱ्यात अंडी खाल्ली जाणार, हे शोभत नाही."

आमच्या शेजारच्या हिंदू घरात श्रावण कडक पाळत, पण त्यांच्या बैलाने कधी सोमवार धरलेला मी पाहिला नव्हता. मी तसं म्हटलंही. वडिलांनी माझ्याकडे नापास मुलीकडे पाहावं तसं पाहिलं आणि यादी पुढे वाचू लागले. शुक्रवारचं वेगळ्या भांड्यात शिजवायचं. अंड्याची कसर भरून काढायला त्यात डाळ दुप्पट. आणि बिनअंड्याचा डबा बाकीच्या डब्यांना चिकटता कामा नये, त्याला फळी वेगळी. म्हणजे पोपटांच्या धर्मासाठी आम्ही दोनदा चूल पेटवणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिकलेला माणूस मूर्ख झाला की घरच्यांची सुटका नसते, कारण तो प्रत्येक मूर्खपणाला कारण देऊ शकतो.

दुप्पट डाळीला नेहमीचा डबा पुरेना. मग आईचा फरसाणाचा मोठा डबा काढला. तो वरच्या फळीवर ठेवला तर पुढे चार बोटं बाहेर येई आणि दारातल्या खणावर आपटे. दार लागेना. मी डबा आडवा लावला, उभा लावला, बाकीचे डबे एकावर एक रचले. वडील खुर्चीतून "डावीकडे घे, आता थोडं मागे" असं चालवत होते. शेवटी मी दारातला तो खणच उचकटून काढला. दार लागलं. आईच्या दोन्ही बाटल्या माझ्या हातात राहिल्या. आई तेव्हा परात धुवायला मागे मोरीवर गेली होती.

भाजीच्या खणात ठेवता आल्या असत्या. गाजरं थोडी सरकवायला हवी होती, एवढंच. पण त्या क्षणी पोपटांच्या एकाही गाजराला हात लावायची माझी इच्छा नव्हती. मी वरचा बर्फाचा कप्पा उघडला आणि बाटल्या आत ठेवून झाकण आपटलं. डॉक्टर म्हणाले होते, थंड ठेवा. मग यापेक्षा थंड जागा कोणती?

बाटलीबरोबर एक घडी घातलेला कागद यायचा. त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं की हे औषध गोठू देऊ नये. इंग्रजी टाइप करून पगार घेणाऱ्या मी तो कागद कधी उलगडला नव्हता.

सोमवारी सकाळी बाटलीत दगड झाला होता. मी ती मुठीत धरून वितळवली. औषध नेहमी दुधट दिसायचं, त्या दिवशी त्यात कण तरंगत होते. कामावर जायला उशीर होत होता. बाटली हलवली, ओढलं, टोचलं. मंगळवारी तसंच. बुधवारी आईला तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे पाणी पिऊनही तिचं तोंड कोरडंच. गुरुवारी मी तिची लघवी तपासली. परीक्षानळीत निळं पाणी घेऊन त्यात आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं, अशी रीत होती. साखर नसेल तर रंग निळा राहतो. तो विटेसारखा लाल झाला. मला वाटलं, हिने चोरून केळं खाल्लं असणार. मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "नाय गं बाय, शपथ." मी विश्वास ठेवला नाही.

शुक्रवारी दुपारी ती क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला देवळात गेली. वडील बरोबर होते, मी कामावरून लवकर सुटून थेट तिथे पोचले होते. चौदा स्थानांच्या चित्रांपुढे थांबून प्रार्थना करत जायचं असतं; आठव्या स्थानाला सगळे गुडघ्यांवर टेकले आणि उठताना ती उठलीच नाही. तिच्या श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता. पाच जणांनी उचलून तिला रिक्षात घातलं.

इस्पितळातला डॉक्टर वडिलांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने सलाइन लावलं, धावपळ केली आणि तासाभराने बाहेर येऊन विचारलं, "इंजेक्शन चुकलं होतं का?" मी नाही म्हटलं. "मग बाटली कुठे ठेवत होता?"

मी सांगितलं, रविवारपासून बर्फात.

त्याने कपाळावर हात मारला. "गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी! पाच दिवस तुम्ही त्यांना पाणी टोचत होता. कुणी ठेवलं तिथे?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या तोंडून निघालं ते असं, "यांच्या पोपटांच्या डब्याला जागा हवी होती म्हणून."

यात एकही शब्द खोटा नव्हता. वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हो. चूक माझी आहे." मग त्या पोराने, ज्याला त्यांनी कधीकाळी बाकावर उभं केलं असेल, दोन नर्सांसमोर त्यांना जे झाडलं ते मी ऐकत राहिले. पोपट महत्त्वाचे की बायको, असं त्याने विचारलं. वडील खाली मान घालून ऐकत होते. मला बरं वाटत होतं. आज लपवण्यात अर्थ नाही, मला फार बरं वाटत होतं.

आई वाचली. दहा दिवसांनी घरी आली तेव्हा पिंजरे रिकामे होते. वडिलांनी तिन्ही पोपट चिंचोटीच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकले होते. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आता दिले. मी मरायची वाट बघत होते काय?" त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजच्या मधल्या फळीवर ऐसपैस राहू लागल्या.

गोष्ट पंचक्रोशीत पोचायला आठवडा लागला. मास्तरांनी पोपटांच्या उपासापायी बायकोला मारलं असतं! वडिलांचं नाव 'पोपटवाले मास्तर' पडलं ते कायमचं. ही गोष्ट सगळ्यांत छान मीच सांगायचे. लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, कारखान्यात डबा खाताना. त्यांचा आवाज काढायचे, "ख्रिस्ती घरातले जीव आहेत ते!" लोक हसून आडवे व्हायचे. बाटल्या कुणी हलवल्या हे मी कधी म्हणत नसे. कुणी विचारतही नसे, गोष्टीत ते आपोआप कळत होतं. कधी कधी वडील त्याच मांडवात दोन खुर्च्या सोडून बसलेले असत.

पाच-सहा वर्षांनी ते अंगणात पडले आणि खुबा मोडून खाटेवर आले. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. तोवर ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की मलाच तिचा कंटाळा आला होता. कशामुळे कोण जाणे, मी विचारलं, "बाटल्या मी ठेवल्या होत्या. तुम्ही समोर बसला होता, तुम्ही बघितलं होतं. मग बोलला का नाही?"

त्यांनी तोंडातला घास गिळला. नेहमीच्या पुस्तकी मराठीत, वर्गाला समजावून सांगावं तसं म्हणाले, "ती फक्त तुझ्या हातून इंजेक्शन घेत होती. तो भरवसा गेला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दंड कुणापुढे धरला असता? माझ्यापुढे?"

इतकी वर्षं ज्याला मी घरातला सर्वांत मूर्ख माणूस समजत होते, त्याने त्या बाकावर क्षणभरात हा हिशेब केला होता. आणि मी त्याच्यावर लोकांना हसवून टाळ्या घेत फिरत होते. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आतून आईची हाक आली. "बाय, सुई उकळली का? उशीर होते."

मी पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि आत गेले. सिरिंज भरली, तिच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला. तिने नेहमीसारखा हात ढिला सोडला होता.

"काय सांगत होते पोपटवाले मास्तर?" तिने तोंड वाकडं करून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि सुई टोचली.