पास्टरसाहेबांनी राखून ठेवलेलं आमेन

संपादक मंडळानं मला तीन सूचना दिल्या आहेत. भाषा गंभीर ठेवा, प्रसंग मोजके लिहा आणि भांडणं टाळा. पहिल्या दोन पाळायचा प्रयत्न करते. तिसरी काही जमायची नाही, कारण आदरणीय रेव्हरंड शांतवन बोरकर यांची आणि माझी ओळखच मुळी भांडणातून झाली. पास्टरसाहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहायला माझ्यासारख्या बौद्ध घरातल्या शिक्षिकेला बोलावलं, याचा मला इतका आनंद झाला की मी शाळेत पेढे वाटले. मुख्याध्यापक म्हणाले, "मेश्राम मॅडम, बदली झाली काय?"

तर ते भांडण. मी तेव्हा कामठ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवत होते. चर्चच्या हंगाम सणासाठी, म्हणजे नव्या पिकाच्या सणासाठी, शाळेचे बाक मागायला पास्टरसाहेब आले. मी म्हटलं, बाक सरकारी आहेत, मिळणार नाहीत. ते म्हणाले, लेकरंच बसणार आहेत, दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, लेकरांना खाली बसता येतं. असं आमचं चाललेलं असताना त्यांचं लक्ष माझ्या प्राचीकडे गेलं. माझी लेक माझ्याच वर्गात होती आणि त्या दिवशी भिंतीला टेकून गप्प बसली होती. बाकांचा विषय तिथंच सोडून त्यांनी विचारलं, "मॅडम, पोरीच्या पायावर हे निळे डाग कशाचे?" मी म्हटलं, पडली असेल. ते म्हणाले, "रक्त तपासून घ्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले! मी चिडून म्हटलं, "तुम्हाला बाक पाहिजेत ना? घेऊन जा, पण माझा पिच्छा सोडा." ते शांतपणे म्हणाले, "बाक राहू द्या. रक्त तपासा."

शेवटी त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी गोंदियाला जाऊन तिचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टरांनी आम्हा दोघा नवराबायकोला आत बोलावलं आणि सांगितलं, ब्लड कॅन्सरची शंका आहे, उद्याच्या उद्या नागपूरला न्या.

घरी आलो तर सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे झाडपाला द्या, कोणी म्हणे अमक्या बाबाचा अंगारा लावा. शेजारचे हिरालाल पटले काका माझ्या यजमानांना म्हणाले, "धानाची रोवणी होऊ दे बाबू, बादमें देखते." माणूस मनानं सोन्यासारखा, पण त्या वेळी मला त्यांना उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात पास्टरसाहेब आले. आमच्या घरातली बुद्धमूर्ती पाहून त्यांनी आधी हात जोडले, मग मला विचारलं, "इथं बसून प्रार्थना केली तर चालेल ना?" मी म्हटलं, "करा, पण मोठ्यानं नको. पोर झोपली आहे." त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली. घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना साधीच होती. पोरीला धीर दे, आईबापाला बुद्धी दे, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, एवढीच. मग ते थांबले. आम्ही वाट पाहतोय. काहीच नाही. मी एक डोळा उघडला, तर पास्टरसाहेब माझ्या यजमानांना विचारत होते, "सकाळची गाडी किती वाजताची आहे?"

माझ्या सासूबाई भडकल्या. "काऊन जी, आमेन नाही म्हटलं? आमी कवापासून डोळे मिटून बसून रायलो!"

"आमेन राखून ठेवलं आहे, आजी. पोर बरी होऊन आली की म्हणतो."

"मंग ही प्रार्थना अर्धीच रायली?"

"अर्धीच आहे. बाकीची नागपूरला करायची."

ही त्यांची रीतच आहे, हे मला मागून कळलं. त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी आजारी मुलांसाठी जी प्रार्थना होते, तिच्या शेवटी आमेन नसतं. बाकी सगळ्या प्रार्थनांना असतं. यावरून मंडळीत वादही झाले होते. वडील मंडळींनी वरपर्यंत तक्रार केली होती की आमचे पाळक प्रार्थना उघडी ठेवतात. कारण विचारायची हिंमत मी गाडीत केली. हो, दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर नागपूरला निघाले होते, मांडीवर डबा घेऊन. त्यांच्या पत्नी रूथबाईंनी पहाटे उठून सगळ्यांच्या पोळ्या करून दिल्या होत्या.

पास्टरसाहेबांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मॅडम, मी चिचगडला नवा होतो. एका घरी असंच लेकरू आजारी होतं. मी जोरदार प्रार्थना केली, जोरदार आमेन म्हटलं. सगळ्यांना इतकं बरं वाटलं की सगळ्यांनी चपला घातल्या आणि आपापल्या कामाला गेले. मीही घातल्या. ते लेकरू दवाखान्यात गेलंच नाही."  

नागपूरच्या दवाखान्यात रोगाचं नाव पक्कं झालं. आणि तिथं आमचं दुसरं भांडण झालं, हे मात्र मोठं. तपासणीसाठी प्राचीच्या कमरेच्या हाडातून आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, काढायचा होता. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, तपासणी झाल्यावर त्यातला जो थोडा उरेल, तो मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी ठेवायची परवानगी द्याल का? मी विचारलं, त्यानं माझी मुलगी बरी होईल? त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "नाही. तिला काही फायदा नाही. पुढं कधीतरी दुसऱ्या मुलांना होऊ शकतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली! माझी पोर इथं पांढरीफटक पडली आहे आणि ह्यांना दुसऱ्यांची मुलं दिसतात? यजमान तर म्हणाले, हे रक्त विकत असतील. मी पास्टरसाहेबांवर घसरले. "तुम्हीच आणलंत ना आम्हाला इथं? कोण ते दुसरं लेकरू? कुठं राहतं? त्याच्यासाठी माझ्या लेकीनं कायले द्यावं?" त्या वेळी मी जे बोलले, ते कोणतीही आई बोलेल. आजही बोलेन.

पास्टरसाहेबांनी आधी डॉक्टरीणबाईंना आमच्यासमोर विचारलं, "नाही म्हटलं तर उपचारात काही कमी होईल?" त्या म्हणाल्या, अजिबात नाही. "जास्तीचं टोचावं लागेल?" नाही. मग ते मला म्हणाले, "मॅडम, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हणा खुशाल." आणि व्हरांड्यातच डबा उघडून बसले. आमच्यापैकी कोणाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

पोळी मोडता मोडता म्हणाले, "आमच्या शास्त्रात एक गोष्ट आहे. डोंगरावर हजारो माणसं उपाशी होती. एका पोराजवळ पाच भाकरी अन् दोन मासोळ्या होत्या. प्रभूनं त्यातून सगळ्यांना जेवू घातलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कोणी वाचत नाही. सगळे पोटभर जेवल्यावर प्रभूनं सांगितलं, उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. मी कित्येक वर्षं विचार करून राहिलो, सगळे तर जेवले होते. मग ह्या टोपल्या कोणासाठी?"

 मला ऐकायचंच नव्हतं.

"मला वाटते, त्या दिवशी जे डोंगरावर आलेच नव्हते, त्यांच्यासाठी."

डॉक्टरीणबाई अजून दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, प्राचीला जी औषधं आम्ही देणार आहोत, ती कोणती, किती आणि कोणत्या क्रमानं द्यायची, हे आम्हाला आधीच्या मुलांमुळे कळलं. त्यांच्याही आईवडिलांना कोणीतरी हेच विचारलं होतं. त्यातली बरीच मुलं घरी गेली नाहीत."

 म्हणजे मी ज्या औषधाच्या भरवशावर पोर इथं आणली होती, ते कोणाच्या तरी आईनं माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. तिला माझं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, जात-धर्म काही माहीत नव्हतं. तिची तर पोरही गेली असेल. मी रडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले.

प्राची दाराजवळच्या खाटेवरून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आई, ते पुन्हा टोचून रायले का?" मी म्हटलं, नाही गं. "मंग देऊन टाक ना व."

दिलं. आम्ही दोघांनीही सही केली.

त्यानंतरच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी तो काळ काढला आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही त्यांना ठाऊक न होवो. प्राचीचे केस गेले, तोंड आलं, एकदा ताप असा चढला की डॉक्टरही घाबरले. पास्टरसाहेब येत राहिले. नागपूरच्या खोलीचं भाडं थकलं की ते कुठून तरी भरलेलं असायचं, आणि विचारलं की ते दुसरीच गोष्ट सांगायचे. चार मित्रांनी आजारी माणसाला प्रभूपुढं उतरवायला घराचं कौलारू छप्पर उकललं, ती गोष्ट. "त्या घरमालकाचे कवेलू मागून कोणी भरून दिले, हे शास्त्रात नाही लिहिलं," म्हणायचे, "ते काम आपल्याले ठेवलं आहे." असं आहे त्यांचं शास्त्रवाचन. दुसरे लोक चमत्कारापाशी थांबतात आणि हे चमत्कारानंतर झाडलोट कोणी केली ते शोधतात.

आणि तो हंगाम सण! मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी मदत गोळा करायची कल्पना त्यांनी मंडळीत मांडली, तेव्हा चर्चमध्ये पुढं बांबूच्या बारा टोपल्या ठेवल्या. लोकांनी धान, भोपळे, अंडी, कोंबड्या आणून भरल्या आणि त्याचा लिलाव झाला. लिलाव पुकारायला उभे राहिले स्वतः पास्टरसाहेब. अरे देवा! ह्या माणसाला शेवट करणं जमतच नाही. एका लाल कोंबड्यासाठी मी आणि पटले काका इरेला पेटलो. तेच पटले काका, रोवणीवाले. पास्टरसाहेब "एक... दोन..." म्हणायचे आणि तीनऐवजी लोकांकडे बघत बसायचे. शेवटी काका ओरडले, "पास्टरसाब, तीन बोलो ना जी! मुर्गा बुढ्ढा हो जाएगा!" अख्खं चर्च हसलं. कोंबडा काकांनी घेतला आणि लगेच परत टोपलीत ठेवला, पुन्हा लिलाव करा म्हणून. तेव्हापासून दरवर्षी आमच्या भागातले हिंदू शेतकरी, आमची बौद्ध मंडळी, नागझिऱ्याच्या जंगलातले गाईड, सगळे त्या सणाला जमतात. बाक आता शाळेचेच असतात. मी स्वतः पाठवते, रीतसर परवानगी घेऊन.

प्राचीचे उपचार संपले, मग तपासण्यांची वर्षं गेली, आणि गेल्या खेपेला त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता ही बरी झाली, असं मी म्हणू शकते." मी तिथूनच पास्टरसाहेबांना फोन लावला. संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तर ते रूथबाईंसोबत आमच्या ओसरीवर आधीच बसलेले. आत आले. त्याच जागी बसले. प्राचीच्या डोक्यावर, तिच्या दाट केसांवर हात ठेवला. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. आणि ह्या एरवी हळू बोलणाऱ्या माणसानं असं जोरात "आमेन!" म्हटलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "झाली बाप्पा एकदाची पुरी."

"पोरीची झाली, आजी," पास्टरसाहेब म्हणाले. "टोपलीची बाकी आहे."

कारण आजारी मुलांसाठीची रविवारची ती प्रार्थना अजून उघडीच आहे. मध्यंतरी त्यांनी मंडळीला सांगितलं म्हणे, की आता थकलो, नवे पाळक येतील, त्यांनी हवं तर त्या प्रार्थनेला आमेन म्हणावं. हे माझ्या कानावर आलं आणि हा लेख लिहायला मी त्याच रागात बसले आहे.

तर पास्टरसाहेब, हे मी तुम्हाला सगळ्यांच्या साक्षीनं सांगते. थकायची परवानगी तुम्हाला नाही. रूथबाईंच्या हातची पोळी वेळेवर खा, गुडघ्यांना तेल लावा, गोळ्या चुकवू नका. प्राची यंदा नर्सिंगला जाऊन राहिली आहे आणि मुलांच्याच वॉर्डात काम करीन म्हणते. काम चालू आहे. एक दिवस असा येईल की ह्या आजारानं एकही लेकरू आईच्या हातून जाणार नाही, आणि त्या रविवारी ते आमेन आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. दुसऱ्या कोणाचं चालणार नाही. त्याला जितकी वर्षं लागतील, तितकी वर्षं तुम्ही धडधाकट राहा. आम्ही इथंच बसलो आहोत, डोळे मिटून. चपला बाहेर काढून ठेवल्या आहेत, त्या तोवर कोणी घालणार नाही.