शालूच्या दुकानातले वायसर

घनसावंगीत बसस्टँडच्या मागं शालूचं हार्डवेअरचं दुकान आहे. अकरा वर्षं गल्ल्यावर तीच बसते, तरी आलेला माणूस आधी तिच्या डोक्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "परमेश्वर न्हाई का?" परमेश्वर तिचा नवरा, जालन्यात सळयांच्या कारखान्यात नोकरीला. शालूचं उत्तर ठरलेलं: "ते जालन्याला हायेत, बोल्ट इथं हायेत. दोघांतलं काय पाहिजे?"

सासरे वारले तेव्हा दुकानातला निम्मा माल एका ढिगात पडलेला होता. तिनं उन्हाळाभर बसून तो तांदूळ निवडावेत तसा निवडला. तेव्हापासून नुसतं चिमटीत धरलं तरी तिला बोल्टचं माप कळतं. पण असल्या ज्ञानाला गावात कोण विचारतं? गावात चालायचं ते तातेरावांचं ज्ञान, कारण ते कडक इस्त्रीत फिरायचं.

तातेराव म्हणजे जलपर्यटन समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली, अध्यक्ष त्यांनीच निवडला आणि निवडीबद्दल आभारही त्यांनीच मानले. गोदावरीच्या बंधाऱ्यात पाणी तुंबलंय म्हणजे शहरातली माणसं ते बघायला धावत येणार, असा त्यांचा होरा. त्यासाठी त्यांनी बंद पडलेल्या एका रिसॉर्टातून कयाक नावाची प्लास्टिकची पिवळी होडी आणली. दोन माणसांची, लांबट, आतून पोकळ. गाव तिला काकडी म्हणायला लागलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले.

"वैनी, चार लोखंडी स्क्रू द्या. कयाकवर पुढं धरायला दांडी बसवायचीय. मी उभा राहून लोकांना हात करणार."

"काका, ते प्लास्टिक दोन नाण्यांएवढं जाड. स्क्रूच्या आट्यांना तिथं धरायला हाय काय? तुमचा भार आला की प्लास्टिक घेऊनच बाहेर येतेल. आरपार बोल्ट घाला. आतून मोठ्या चकतीचं वायसर, खाली रबर, वर लॉक नट. अन् स्टेनलेसचं घ्या, लोखंड गंजतं."

"आत हात कसा जाणार?"

"पुढं झाकण असंल ना, तिथून. जिथं हात जात न्हाई तिथं आतून फाकणारं रिबीट मारायचं."

तातेराव हसले. "वैनी, मी तीस वर्षं गॅरेज पाहिलंय."

ते खरंच होतं. गॅरेज त्यांच्या घरासमोर होतं आणि ते ओट्यावर बसून पाहायचे. त्यांनी चार स्क्रू खिशात टाकले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी नदीवर मांडव उभा राहिला. होडीपेक्षा मोठा बॅनर, बॅनरवर तातेराव. शालू दुकान बंद करून गेली. पर्यटनाचं तिला काही नव्हतं, स्क्रूचं काय होतं ते बघायचं होतं. वल्हं मारायला मागं गोरक्षनाथ बसला होता. नदीत जाळी टाकण्यात त्याचा जन्म गेलेला.

"तात्या, बसा. ही उभं राह्यची होडी न्हाई."

"बसलेला अध्यक्ष फोटोत दिसत न्हाई. अन् ते तरंगायचं जॅकिट नको, हार झाकतं."

होडी काठापासून दहा हात गेली. तातेरावांनी एक हात वर केला, दुसऱ्यानं दांडीवर भार दिला. कर्रर्र आवाज झाला, दांडी हातात आली आणि अध्यक्ष पाण्यात गेले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग; त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोरक्षनाथानं कॉलर धरून त्यांना वर ओढलं, तरी दांडी त्यांनी सोडली नव्हती.

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर ते सांगू लागले, "शालूच्या दुकानातला माल डुप्लिकेट."

इतका वेळ शालूला आठवून आठवून हसू येत होतं, ते एकदम आटलं. एक गिऱ्हाईक नेलेल्या कड्या परतही घेऊन आलं. तिनं भर दुपारी शटर ओढलं, शेअर जीपनं नदीवर गेली आणि मांडवाच्या कोपऱ्यात पडलेली दांडी उचलून थेट टपरीवर आली. चारही स्क्रू दांडीत होते, सरळसोट. आट्यांत पिवळं प्लास्टिक भरलेलं.

"काका, यातला कोणता वाकला? कोणता तुटला?"

तातेरावांनी स्क्रू निरखले. "मंग प्लास्टिक डुप्लिकेट."

"प्लास्टिक बी बराबर हाय. बाकी काय उरलं ते तुम्हीच तपासून घ्या."

टपरी हसली. तातेराव चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ दुकानात आला. "वैनी, त्या काकडीत रोज मला बसायचंय. कसं करायचं सांगा."

शालू ड्रिल मशीन घेऊनच निघाली. जुनी भोकं फाटून रुंद झाली होती. ती रबर आणि वायसर लावून बुजवली, नवी भोकं चार बोटं सोडून पाडली. झाकणातून गोरक्षनाथाचा पंजा आत जाईना, तिचा गेला. नट तिनं बेतानं आवळला, फार आवळला तर प्लास्टिक दबतं म्हणून. मग गोरक्षनाथानं दांडीला धरून अख्खी होडी काठावर ओढली. दांडी जागची हलली नाही.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याहून एक साहेब होडी बघायला आले. त्यांनी दांडी हलवून पाहिली. "काम पक्कं आहे. कुणाचं डोकं?"

तातेराव खांद्यावरची शाल सावरत पुढं झाले. "मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो होतो, वायसर पाहिजे. अनुभव असतो ना, साहेब."

"खरंय साहेब," बोल्ट तपासायला आलेली शालू मागून मोठ्यानं म्हणाली. "अनुभव आम्ही सगळ्यांनी पाहिला. जॅकिट नव्हतं घातलेलं."

हशा इतका झाला की साहेबांना कारण विचारावं लागलं. गोरक्षनाथानं ते सविस्तर सांगितलं, हातवारे करून. तातेराव तेवढा वेळ नदीकडं बघत उभे राहिले, तिचं पाणी मोजायचं काम त्यांच्याकडं असल्यासारखे. शालूनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि जीप भरायच्या आत रस्ता गाठला.